डेलबर्टची कवळी

डेलबर्ट हॅगस्ट्रॉमचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार, आणि त्यावाचून तुमचं काही अडलेलंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोत, एडी स्ट्रीटवरच्या कॅल्डर हॉटेलात तो माझ्याच मजल्यावर राहतो, जिन्याला लागून. हॉटेल नुसतं नावाला. कॅल्डरमध्ये एकेक खोली, खोलीत एक बेसिन, मजल्याच्या टोकाला सगळ्यांत मिळून एक न्हाणीघर, आणि महिन्याचं भाडं. त्या बेसिनचा उपयोग पुरुषमंडळी कशाकशासाठी करतात ते मला ठाऊक आहे, कारण खालच्या काचेमागे बसून किल्ल्या देण्यात माझा जन्म गेला; म्हातारी झाले तेव्हा कुठे तिथून उठले. तुम्ही विचारू नका.

डेलबर्टने उमेदीची वर्षं एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवली. गणवेश, पितळी बटणं, "तिसरा मजला, बायकांचे हातमोजे," असं सगळं. पुढे लिफ्ट आपल्या आपण चालायला लागल्या, तेव्हा तो गाड्यांच्या गॅरेजात पावत्या फाडायला बसला. मग तिथेही यंत्र आलं. बायको एकदाच केली, ती सॅक्रमेंटोच्या एका गालिचेवाल्याबरोबर गेली. त्याने ते फारसं मनाला लावून घेतलं नाही, कारण जाताना ती आपला पोपटही घेऊन गेली. दात गेले त्याचं मात्र त्याला फार वाटलं. वरचे आधी गेले, खालचे दोन-चार बरीच वर्षं टिकून होते, तेही हलत.

आता आमच्या वस्तीत, म्हणजे टेंडरलॉइनमध्ये, एका गोष्टीचा कायमचा दुष्काळ आहे. दारू मिळते, दारूहून भारी मालही कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो, व्हिएतनामी बाईच्या गाडीवर गरम सूप मिळतं. बसायला जागा मिळत नाही. रस्त्यावरची बाकं उचलून नेली, कारण त्यांच्यावर लोक झोपत. कॅल्डरच्या खालच्या दालनातल्या खुर्च्या मालकाने काढल्या, कारण त्यांच्यावर लोक बसत. त्यामुळे दिवसभर एक तर उभं राहायचं, नाहीतर वर जाऊन खाटेवर आडवं व्हायचं. चर्चच्या फुकट जेवणघरात खुर्ची असते, पण मागचा माणूस ताट घेऊन तुमच्या मानेवर श्वास सोडत उभा असतो. शेवटचा घास घशाखाली उतरला की उठायचं, ही तिथली रीत. खुर्चीला पाठ आहे की नाही हे बघायलासुद्धा सवड नसते.

तर अशा ठिकाणी, कॅल्डरच्या अगदी समोर, मॉर्टिमर उभं राहिलं. पूर्वी तीही आमच्यासारखीच खुराड्यांची इमारत होती. शिकागोच्या कुणा प्रेस्कॉट नावाच्या शेठने घेतली, आतून पोखरली आणि मोठ्या लोकांचं हॉटेल केलं. तळमजल्यावर रस्त्याकडे काचच काच असलेलं रेस्टॉरंट. नाव ठेवलं 'टिन कप'. हातात तसलाच पत्र्याचा पेला धरून आमच्यातली निम्मी माणसं जन्मभर भीक मागत आली, आणि या मंडळींनी त्याचं नाव सोनेरी अक्षरांत दारावर लावलं. आत जेवण पत्र्याच्या थाळीत. बीन्स द्यायच्या त्या डब्यासकट, फक्त डब्याची कड कानशीने घासून गुळगुळीत केलेली, आणि वर जमिनीखाली उगवणाऱ्या महाग अळंबीचे चार काप. इनेस म्हणून आमच्या मजल्यावरची एक बाई तिथे भांडी घासते, ती सांगते की मुद्दाम पोचे पाडलेल्या थाळ्या कारखान्यातून तशाच मागवतात. इनेस खोटं बोलत नाही. तिला इंग्रजी तेवढं येत नाही.

पाहुणे टॅक्सीने यायचे, उतरायचे आणि दारापर्यंतची दोन ढांगा जागा पायांखाली बघत पळत पार करायचे. आम्ही समोरच्या फुटपाथवर उभे राहून तो पळण्याचा खेळ रोज संध्याकाळी बघत असू. उंच टाचांच्या बायका पळताना फार बघण्यासारख्या दिसतात.

एक दिवस डेलबर्ट त्या काचेवर नाक लावून आतला खाद्यपदार्थांचा फलक वाचत होता. तेवढ्यात टॅक्सीतून एक जोडपं उतरलं. बाईने पर्स छातीशी धरली आणि याला विचारलं, "अहो, इथे धोका तर नाही ना?"

डेलबर्टने टोपी काढली. लिफ्टमधली सवय. म्हणाला, "छे हो बाई, आज मंगळवार. मंगळवारी इथे कुणी कुणाला मारत नाही."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी मी घरातच असतो."

ती दोघं अशी हसली, अशी हसली की याला दंडाला धरून आत घेऊन गेली. एक पेला पाजला. डेलबर्टने आपल्या बोळक्या तोंडाने लिफ्टच्या गोष्टी सांगितल्या, त्यात थोडे खून मिसळले, एक आगही लावली. दात नसल्यामुळे त्याचा 'स' शिट्टीसारखा वाजायचा, आणि त्या शिट्टीवर शेजारची टेबलंसुद्धा वळून हसायला लागली. त्या जोडप्याने उठायच्या वेळी आणखी एक बाटली मागवली.

हे सगळं तिथली मॅनेजर बघत होती. हेली वॉर्नर. वयाने आमच्या नातींएवढी, दिसायला गोड, बोलायला त्याहून गोड. रागावलेली तिला कुणी पाहिलेली नाही. दुसऱ्या दिवशी तिने डेलबर्टला बोलावून घेतलं.

"मिस्टर डेलबर्ट, तुम्ही रोज संध्याकाळी आमचे पाहुणे व्हाल का? बारच्या टोकाला तुमची खुर्ची. जेवण आमच्याकडून, दोन पेले आमच्याकडून. मी खूण केली की त्या टेबलाशी जायचं, थोडं बोलायचं."

"आणि कपडे?" डेलबर्टने विचारलं.

"हेच," ती म्हणाली. "हाच कोट, हीच टोपी. अगदी असेच या."

तो कोट म्हणजे चर्चच्या जुन्या कपड्यांच्या खोलीतून आणलेला, कोपरावर फाटलेला, आणि त्याला एक वास होता. पण डेलबर्टला त्यातलं काही ऐकूच आलं नाही. त्याला ऐकू आलं ते फक्त 'तुमची खुर्ची'. पाठ असलेली, चामडं लावलेली खुर्ची, आणि तीत संध्याकाळभर बसलं तरी मागे कुणी ताट घेऊन उभं नाही. वर आला तो जिन्यातच आम्हाला सांगत सुटला.

त्यानंतर काही महिने डेलबर्टने आम्हाला अगदी नको करून सोडलं. "काल आमच्याकडे शिंपले ताजे नव्हते," म्हणायचा. आमच्याकडे! रात्रीच्या जेवणातलं उरलेलं कागदात बांधून आणायचा आणि मजल्यावर वाटायचा, वाटताना मान अशी जरा बाजूला करून, जणू दुकानाच्या मालकाने हातमोजे वाटावेत. आम्ही खायचो आणि त्याची पाठ वळली की त्याची नक्कल करायचो. सगळ्यात चांगली नक्कल मर्ल टॅकेट करायचा. मर्ल समोरच्या खोलीतला. बेकर्सफील्डहून आलेला, वस्तीत अजून नवाच, पण बघितलं तर वाटावं की रस्ता बांधला तेव्हाच त्यात गाडला गेला असेल. तोंडात पुढचा एकच दात, तोही पिवळा, आणि अंघोळीशी त्याचं काहीतरी जुनं भांडण.

"काय मग सरकार," मर्ल म्हणायचा, "आज कुठल्या टेबलावर माकडाचा खेळ?"

"तुला मत्सर वाटतो, टॅकेट."

"वाटतोच. मी केला असता तर शेपटीसकट केला असता."

डेलबर्ट त्याच्याकडे दुर्लक्ष करायचा. त्याला एकच गोष्ट खात होती, आणि ती मर्ल नव्हता. टिन कपमध्ये गोमांसाचा एक जाड तुकडा लोखंडी तव्यावर भाजून द्यायचे. तव्यासकट टेबलावर यायचा, चरचरत. त्याचा वास रोज संध्याकाळी डेलबर्टच्या नाकाखालून जायचा. याला मिळायचं काय, तर मऊ शिजवलेला मका, बीन्स आणि हाडातला मगज. मगज तो चोखून खायचा तेव्हा पाहुणे मोबाइल काढून फोटो घ्यायचे. आचाऱ्याने एकदा मांस बारीक करून दिलं, तर डेलबर्टने ताट सरकवलं. म्हणाला, "पोरांना भरवतात ते नको मला."

आणि मग त्याला दातांचं वेड लागलं.

इथे आमच्या वस्तीची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे माणसाचं नशीब उघडलं की नाही हे त्याच्या तोंडात बघून ठरतं. कुणाला नोकरी लागली, कुणाचा कोर्टातला दावा मिटून पैसे आले, कुणाची मुलगी वीस वर्षांनी परत बोलायला लागली, की तो माणूस घर बघत नाही, बूट घेत नाही. पहिल्यांदा कवळी बसवतो. मोठ्या जागी बोलावणं असेल तर उघडं तोंड घेऊन जायचं नाही, हा शिष्टाचार आहे. बोळक्या तोंडाने लग्नाला गेलेल्या माणसाबद्दल आम्ही वर्षभर बोलतो. डेलबर्ट रोज मोठ्या जागी बसत होता आणि रोज बोळक्या तोंडाने. हे त्याला टोचायला लागलं. शिवाय शिकागोहून खुद्द प्रेस्कॉटशेठ मित्रमंडळींना घेऊन येणार आणि त्यांच्या टेबलाशी डेलबर्टने बसायचं, असं हेलीने सांगून ठेवलं होतं.

"बघ ना," तो मला म्हणाला, "मालक येतोय. त्याच्यासमोर असं बसायचं? त्याला वाटेल मला त्याची कदर नाही."

मी म्हटलं, "कर बाबा काय करायचं ते." मला बघायचंच होतं.

दातांच्या कॉलेजात शिकाऊ मुलं कमी पैशांत हात साफ करून घेतात. डेलबर्ट तिथे खेटे घालू लागला. हलणारे दात उपटले, हिरड्या घासून सारख्या केल्या, साचे घेतले. तेवढ्या दिवसांत हेलीला त्याने सर्दी झाल्याचं सांगितलं आणि तोंडावर रुमाल धरून बसला. तिला नवल दाखवायचं होतं त्याला! शेवटी कवळी आली. वरखाली पूर्ण, पांढरीशुभ्र. मग केस कापले. मग दाढी. मग, आता मात्र ऐका, त्याने तो कोट धुवायला दिला. रफूही करून घेतला. इस्त्री करून, भांग पाडून, वर दात लावून तो कॅल्डरच्या जिन्यातून उतरला तेव्हा खालच्या काचेमागच्या माणसाने त्याला अडवलं आणि म्हणाला, "साहेब, वर कुणाकडे आला होतात? नोंद कुठे आहे तुमची?"

डेलबर्ट इतका खूश झाला की त्याला शिवी द्यायचंही भान राहिलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे काचेसमोर हजर. आतलं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. ऐकायचं काम इनेसकडे होतं, तिने दार अर्धं उघडं ठेवून भांडी घासली. पुढचं मी तिच्याकडून आणि नंतर डेलबर्टकडून ऐकलं, आणि दोघांचं जुळलं.

मोठं टेबल, मधोमध प्रेस्कॉट, त्याची बायको, दहाबारा मित्र. डेलबर्ट आला, खुर्ची ओढली, बसला. शेठच्या बायकोने त्याच्याकडे ब्रेडची टोपली सरकवली आणि विचारलं, "तुम्ही बँकेकडून का?"

"नाही बाईसाहेब. मी इथलाच."

"हो का! म्हणजे सान मातेओच्या बंगल्यांकडचे?"

"इथलाच म्हणजे या समोरच्या इमारतीतला."

बाई हसली. तिला वाटलं, चेष्टा करतोय. डेलबर्टने मग आपली ठेवणीतली गोष्ट काढली, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते आणि आत एक पाद्री आणि एक कुस्तीवाला असतात ती. इतक्या महिन्यांत ती कधी फुकट गेली नव्हती. पण आता त्याचा 'स' शिट्टी वाजवत नव्हता. शब्द स्वच्छ, नीट कापलेले येत होते, आणि कवळी नवी म्हणून तो जपून, हळू बोलत होता. ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी निवृत्त अधिकारी आपल्या नोकरीतली आठवण सांगतोय. एकाने मध्येच घड्याळ बघितलं. दुसरा शेजारणीशी घरांच्या किमतींबद्दल बोलायला लागला. गोष्ट संपली तरी कुणाला कळलं नाही की ती संपली.

मग प्रेस्कॉटने मोठ्याने हेलीला हाक मारली. "अगं, तो तुमचा म्हातारा कुठाय? तो थेट गटारातून आलेला? यांना दाखवतो म्हणून शिकागोपासून सांगत आलोय मी."

हेलीने हळूच डेलबर्टकडे हात केला.

"हा?" प्रेस्कॉट म्हणाला. "हा तर माझ्या मेव्हण्यासारखा दिसतो!"

टेबल खदाखदा हसलं. आम्ही बाहेरून बघत होतो, आम्हाला वाटलं डेलबर्टने बाजी मारली. मर्लने तर टाळ्या वाजवल्या. डेलबर्टही हसत होता, सगळे दात दाखवत.

दुसऱ्या दिवशी हेलीने त्याला दुपारीच बोलावलं, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या असतात तेव्हा.

"डेल, तुम्ही किती छान दिसता! खरंच. मला फार आनंद झाला."

"मलाही," डेलबर्ट म्हणाला. "आता मी मांसही खाऊ शकेन. आचाऱ्याला सांगा."

"तेच बोलायचं होतं. लोकांना वाटतं, तुम्ही पाहुणे आहात."

"मी पाहुणाच आहे. तुम्हीच म्हणाला होतात."

"हो, पण आता तुम्ही त्यांच्यातलेच वाटता. त्यांना त्यांच्यातलं कुणी नको असतं, ते त्यांच्याकडे असतं." ती त्याच्या हातावर हात ठेवून बोलत होती. "तुमचं इतकं चांगलं झालंय, डेल. आता तुम्हाला आमची गरज राहिली नाही."

"मला खुर्चीची गरज आहे."

"तुम्ही कधीही या," ती म्हणाली. "कुठल्याही पाहुण्यासारखे. टेबल आधी सांगून ठेवा म्हणजे झालं."

त्याच संध्याकाळी बारच्या टोकाच्या खुर्चीत मर्ल टॅकेट बसला होता. कोणी सुचवलं त्याचं नाव, म्हणता? त्यानेच. हेलीच्या दारात जाऊन तोंड उघडून दाखवलं असणार, आणखी काय. आत गेल्या गेल्या त्याने हाडातला मगज असा सुर्र करून ओढला की दोन टेबलांवरच्या बायका एकदम किंचाळल्या, आणि हेलीच्या चेहऱ्यावर, इनेस म्हणते, मूल झाल्यासारखा आनंद होता.

डेलबर्ट तीन-चार दिवस खोलीतून निघाला नाही. निघाला तो दाढी वाढवून. कवळी काढून रुमालात गुंडाळून खिशात. कोट त्याने कॅल्डरच्या मागच्या गल्लीतल्या भिंतीला घासला, कचऱ्याच्या पेटीवर पसरून ठेवला, कोपराची रफू ब्लेडने उसवली. मला म्हणाला, "कसा दिसतो?"

मी म्हटलं, "नाटकात काम मिळालेल्या माणसासारखा."

तरी गेला. दारात उभा राहून त्याने टोपी काढली आणि एका जोडप्याला म्हणाला, "आज मंगळवार, मंगळवारी इथे कुणी कुणाला मारत नाही." पण त्या दिवशी शनिवार होता. आणि शिट्टी येईना. शिकाऊ डॉक्टरांनी हिरड्या अशा गुळगुळीत करून ठेवल्या होत्या की वारा जायला फटच नव्हती. नुसतं बुळबुळीत, पाणी पिताना बोलल्यासारखं यायचं. जोडपं एकमेकांकडे बघत आत गेलं. बाईने हेलीला विचारलं, "बाहेर तुम्ही नट ठेवलाय का? जरा जास्तच करतो."

हेली बाहेर आली. "डेल," ती म्हणाली, अजूनही तितकीच गोड, "असं करू नका ना. लोकांना कळतं. मर्लकडे बघा, तो काहीसुद्धा करत नाही."

काचेमागून मर्लने याच्याकडे बघून पेला उंचावला.

आता आम्ही. आम्ही काय केलं म्हणाल तर जे नेहमी करतो तेच. जिन्यात त्याला वाट करून द्यायला बाजूला व्हायचो आणि वाकून म्हणायचो, "या साहेब, कितवा मजला?" न्हाणीघराच्या रांगेत कुणीतरी म्हणायचं, "यांना आधी जाऊ द्या रे, यांना बँकेत जायचंय." डेलबर्टने कोट पुन्हा धुतला, कवळी पुन्हा घातली. ती काढून काही मिळत नाही तर निदान घालून तरी बघू, असा त्याचा हिशेब असावा.

एका दुपारी चर्चच्या जेवणघरात तो आमच्या रांगेत उभा होता. तिथे ऑकलंडहून सेवा करायला आलेली एक नवीन मुलगी होती. तिने याला वरपासून खालपर्यंत बघितलं, रांगेतून बाहेर काढलं आणि म्हणाली, "अहो काका, वाढणाऱ्यांनी मागच्या दाराने यायचं असतं." आणि त्याच्या हातात एप्रन दिला. डेलबर्ट 'नाही' म्हणाला का? छे. एप्रन बांधला, डोक्याला जाळी लावली आणि वाटाण्याचा डाव हातात घेऊन आम्हा सगळ्यांना वाढत उभा राहिला. आम्ही ताट पुढे करून म्हणत होतो, "जरा जास्त वाढा सर, देव तुमचं भलं करो." वाढणारे शेवटी जेवतात. शेवटी वाटाणे संपले होते. मुलीने त्याचा हात हातात घेऊन आभार मानले.

एवढं झाल्यावर दुसरा कुणी वस्ती सोडून गेला असता. डेलबर्टने पहिल्या तारखेला, सरकारी पेन्शन हातात पडली तशी, टिन कपला फोन करून टेबल सांगितलं. एका माणसासाठी. हॅगस्ट्रॉम. स्पेलिंगसुद्धा सांगितलं.

दारातल्या पोऱ्याने कोट घेतला. वाढप्याने खुर्ची मागे ओढून धरली. डेलबर्ट बसला. त्याने तो मांसाचा तुकडा मागवला, तव्यावरचा, आणि वर रेड वाइन. आम्ही बाहेरून बघत होतो. त्याने पहिला तुकडा कापला, तोंडात घातला आणि चावायला लागला. बराच वेळ चावत होता. नवी कवळी मांसाला नीट धरत नाही, घसरते. पण ते त्याने कुणाला दिसू दिलं नाही.

मग हेलीने खूण केली आणि मर्ल उठला. मर्ल दोन टेबलं करत करत याच्या टेबलाशी आला. शेजारच्या टेबलावर सहाजण होते, त्यांनीही खुर्च्या वळवल्या.

"नमस्कार साहेब," मर्ल म्हणाला. ओळखीची एक खूण चेहऱ्यावर नाही. "पहिल्यांदाच आलात वाटतं आमच्या वस्तीत?"

डेलबर्ट तोंडातलं गिळून म्हणाला, "हो."

"मग तुम्हाला आमच्याकडच्या कवळीवाल्याची गोष्ट सांगायलाच हवी." आणि मर्लने सुरुवात केली. एक म्हातारा होता, त्याला याच खुर्चीत, त्या तिथल्या, रोज जेवायला मिळायचं, फुकट. कशासाठी? तर तोंडात दात नव्हते म्हणून. आणि त्या गाढवाने काय केलं? दात बसवले! सहाच्या सहाजण टेबलावर हात आपटून हसायला लागले. मर्ल रंगात आला. म्हाताऱ्याने कोट धुतला, मग कोट परत मळवला, मग चर्चमध्ये वाटाणे वाढले. आमचं जिन्यातलं बोलणंसुद्धा त्याने त्यात घातलं, "कितवा मजला साहेब" वगैरे, आणि ते आम्ही केलं होतं त्याहून चांगलं करून दाखवलं. इनेस म्हणते, त्याच्या एका दातावरून 'स' असा सणसणत जात होता की स्वयंपाकघरातली माणसंही दारात येऊन उभी राहिली.

डेलबर्ट हसला. सगळ्यांहून मोठ्याने हसला, मागे रेलून, ती पांढरी कवळी पूर्ण दिसेल असा. खुर्चीला पाठ होती.

हसणं ओसरल्यावर त्याने विचारलं, "मग त्याचं पुढे काय झालं? त्या माणसाचं?"

मर्लने खांदे उडवले. "कोण जाणे साहेब. तसली माणसं आमच्याकडे टिकत नाहीत."

डेलबर्टने त्याला एक पेला पाजला. रीतच आहे तशी, पाहुण्याने गोष्ट सांगणाऱ्याला पाजायचा. मर्लने तो उभ्याउभ्या संपवला आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

आता डेलबर्ट दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तिथे जेवतो. उरलेला महिना चर्चमध्ये वाढतो, आणि शेवटी उरलं तर खातो. टिन कपवाले त्याला "मिस्टर हॅगस्ट्रॉम, नेहमीचंच टेबल?" असं विचारतात. तो तेच मांस मागवतो आणि मर्लला बोलावून तीच गोष्ट सांगायला लावतो. मर्ल दर खेपेला तीत थोडी भर घालतो. मध्यंतरी म्हातारा कवळी गहाण ठेवायला जातो असं होतं. नंतर ती रात्री पेल्यातून बोलते असं झालं. या महिन्यापासून गोष्टीतला म्हातारा शेवटी मरतो. हिवाळ्यात, बाहेरच्या फुटपाथवर, काचेकडे तोंड करून, आणि लोक येऊन त्याची कवळी काढून नेतात.

डेलबर्ट जेवून वर आला तेव्हा मी जिन्यातच होते. विचारलं, "आज गोष्ट कशी झाली?"

"आता जमली," तो म्हणाला. "आधी शेवट फिका पडत होता."